कपाटातला जुना स्पेक्ट्रोस्कोप: ओळखायचा कसा, नोंदवायचा कसा, जपायचा कसा

जुन्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात एक तरी कपाट असं असतं, की त्याची किल्ली कुठे आहे ते फक्त प्रयोगशाळा सहायकांनाच ठाऊक असतं. दार उघडलं की खालच्या फळीवर काटा अडकलेले गॅल्व्हानोमीटर, वरच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या नळ्या आणि अगदी मागे एक लाकडी पेटी. पेटीत पितळेची गोल तबकडी, तिला जोडलेल्या दोन-तीन नळ्या आणि मखमलीच्या खाचेत बसवलेला काचेचा तिकोनी लोलक. हा स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारा, आपल्या पाठ्यपुस्तकातला वर्णपटदर्शक. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे विभागातल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, तपासायची वेळ आली की या पेटीपुढे 'निर्लेखित करावे' (हिशेबातून काढून टाकावे) असा शेरा पडतो आणि पितळेच्या वजनावर ती भंगारात जाते.

तो शेरा पडायच्या आधी काय करायचं, ते इथे क्रमाने सांगतो. तुम्ही नुकतेच रुजू झालेले शिक्षक असाल, शताब्दीच्या प्रदर्शनासाठी वस्तू गोळा करणारे माजी विद्यार्थी असाल, किंवा घरातल्या माळ्यावर आजोबांच्या सामानात अशी पेटी तुम्हाला सापडली असेल. भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. दोन दुपारी, एक मोबाईल, एक वही, एक मऊ ब्रश आणि थोडा धीर एवढं पुरतं.

पहिलं काम: काहीही हलवण्याआधी फोटो

पेटी उघडली की हात आपोआप लोलकाकडे जातो. तो थांबवा. आधी पेटी जशी आहे तशी बाहेरून सगळ्या बाजूंनी, मग झाकणाच्या आतून, मग वस्तू खाचांमध्ये असताना वरून फोटो काढा. झाकणाच्या आत चिकटवलेला कागद, पेन्सिलीने लिहिलेला आकडा, पितळेवर पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेला डेडस्टॉक नंबर, सगळं टिपा. हा नंबर दिसायला विद्रूप असतो आणि तो खरवडून काढायचा मोह अनेकांना होतो. पण जुन्या रजिस्टरातली खरेदीची तारीख, किंमत आणि विक्रेत्याचं नाव यांच्यापर्यंत नेणारी एकच वाट तुमच्याकडे आहे, ती म्हणजे हा नंबर. तो पुसलात तर ती वाट बंद.

मग पेटीच्या आजूबाजूला शोधा. स्पेक्ट्रोस्कोपचे सुटे भाग कपाटभर पसरलेले असतात: फटीवर बसणारं छोटं तुलना-लोलक, लोलक झाकायचं पितळी टोपण, जादा नेत्रिका (डोळा लावायचं भिंग), छोटी मेणबत्तीची दिवटी, प्लॅटिनमची तार बसवलेली काचकांडी. हे भाग 'इतर' नावाच्या डब्यात गेले की परत मुख्य उपकरणाला कधीच भेटत नाहीत. जे त्याच पेटीतल्या एखाद्या रिकाम्या खाचेत नेमकं बसतं ते त्याच उपकरणाचं, असं बहुतेक वेळा समजायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: ग्रेटिंगच्या, म्हणजे अतिशय बारीक, दाट समांतर रेषा कोरलेल्या काचेच्या किंवा धातूच्या पट्टीच्या, पृष्ठभागाला बोट किंवा कापड लावू नका. मी सुरुवातीच्या वर्षात एका विभागात धुळकट ग्रेटिंग स्वच्छ रुमालाने हलकेच पुसली होती. धूळ गेली, आणि रेषांवर एक आडवा ओरखडा कायमचा उमटला. तो फोटो मी अजून जपून ठेवला आहे आणि नव्या माणसाला आधी तोच दाखवतो.

दुसरं काम: हा नेमका कुठला प्रकार?

वर्णपटाची सगळी उपकरणं एकाच कल्पनेवर चालतात. अरुंद फटीतून प्रकाश आत घ्यायचा, कॉलिमेटर नावाच्या नळीतल्या भिंगाने तो समांतर करायचा, लोलकाने किंवा ग्रेटिंगने रंग वेगळे करायचे आणि दुर्बिणीतून पाहायचे. न्यूटनने १६६६ च्या सुमारास लोलकातून रंग पाडले, पण त्याचं छिद्र गोल असल्यामुळे रंग एकमेकांवर चढत. विल्यम वोलास्टनने १८०२ मध्ये अरुंद फट वापरली आणि सूर्याच्या वर्णपटात त्याला काही काळ्या रेघा दिसल्या. त्यांचं खरं मोल ओळखलं योझेफ फ्राउनहोफरने. बव्हेरियातल्या बेनेडिक्टबॉयर्न इथल्या काचकारखान्यात तो दुर्बिणीच्या भिंगांसाठी काच बनवत होता आणि काचेचा वक्रीभवनांक (काच प्रकाश किती वळवते ते माप) अचूक मोजायला त्याला प्रकाशातली ठाम खूण हवी होती. १८१४ मध्ये लोलकासमोर त्याने कोन मोजणारी दुर्बीण ठेवली आणि त्या काळ्या रेघा एकेक करून मोजल्या. ठळक रेषांना त्याने दिलेली अक्षरं आपण आजही वापरतो. सोडियमची पिवळी जोडी 'डी' म्हणतात ती त्यामुळेच. म्हणजे हे उपकरण जन्मलं ते काचेचा दर्जा तपासायला. तारे आणि मूलद्रव्यं नंतर आली.

हे लक्षात ठेवून आता तुमच्यासमोरची वस्तू पाहा.

तबकडीला तीन नळ्या असतील, तर बहुधा तो बुन्सेन-किरखॉफ पद्धतीचा रासायनिक स्पेक्ट्रोस्कोप. एका नळीला फट, दुसरी दुर्बीण, आणि तिसऱ्या नळीत काचेवर छापलेली इवलीशी मोजपट्टी. तिच्यामागे मेणबत्ती ठेवली की पट्टीचं प्रतिबिंब लोलकाच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन वर्णपटाच्या शेजारी दिसतं. या पट्टीवर सोडियमची रेषा ५० वर आणायची रीत होती. गुस्ताव किरखॉफ आणि रॉबर्ट बुन्सेन यांनी हायडलबर्गमध्ये १८५९-६० साली केलेलं पहिलं उपकरण अगदी साधं होतं: आतून काळी केलेली पेटी, दोन छोट्या नळ्या आणि कार्बन डायसल्फाइड भरलेला पोकळ लोलक. त्यावर त्यांनी दाखवून दिलं, की प्रत्येक मूलद्रव्य ज्वालेत स्वतःच्याच ठरलेल्या रेषा देतं. ड्युर्कहाइमचं चाळीस टनांहून अधिक खनिजजल आटवून १८६० मध्ये त्यांनी सिझियम शोधलं, दोन निळ्या रेषांवरून. पुढच्याच वर्षी लाल रेषांवरून रुबिडियम. म्युनिकच्या श्टाइनहाइलने याची पितळी, तीन नळ्यांची सुधारित आवृत्ती बनवली आणि ते रूप जगभरच्या रसायन-प्रयोगशाळांत गेलं. म्हणून या प्रकाराची पेटी बरेचदा भौतिकशास्त्राच्या नाही, रसायनशास्त्राच्या कपाटात सापडते. तिकडेही बघा.

नळ्या दोनच, आणि खाली अंश कोरलेली मोठी गोल तबकडी व दोन बाजूंना व्हर्नियर (अंशाचे बारीक भाग वाचायच्या सरकत्या पट्ट्या) असतील, तर तो स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे कोन मोजणारा वर्णपटमापी. बीएस्सीला 'लोलकाचा वक्रीभवनांक काढा' हा प्रयोग केलेल्यांना हा लगेच ओळखू येईल.

खिशात मावेल अशी सरळ पितळी नळी, एका टोकाला फिरवून उघडझाप करायची फट आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावायचं छिद्र: हा डायरेक्ट-व्हिजन. आत क्राउन आणि फ्लिंट या दोन वेगळ्या प्रकारच्या काचेचे तीन किंवा पाच छोटे लोलक उलटसुलट चिकटवलेले असतात, त्यामुळे रंग पसरतात पण प्रकाश सरळच जातो. माझा सगळ्यात आवडता हाच. दिसायला फुटकळ, पण वापराचा पसारा केवढा! डॉक्टर त्यातून रक्तातल्या हिमोग्लोबिनचे पट्टे बघत. पोलादाच्या कारखान्यात बेसेमर भट्टीच्या ज्वालेतल्या रेषा मावळताना पाहून भट्टी कधी थांबवायची ते ठरवत. स्कॉटलंडचा राजज्योतिषी पिआझी स्मिथ आकाशाच्या वर्णपटात 'डी' रेषेशेजारचा बाष्पाचा काळा पट्टा बघून पावसाचा अंदाज बांधायला सांगत असे, आणि 'रेनबँड स्पेक्ट्रोस्कोप' या नावाने ही नळी विकलीही गेली. कलकत्त्याला २८ फेब्रुवारी १९२८ च्या दिवशी रामन यांनी विखुरलेल्या प्रकाशातली वेगळी छटा पाहिली, तेव्हाही हाती असाच छोटा डायरेक्ट-व्हिजन होता.

लोलक एकच, पण नेहमीच्या तिकोनी आकाराचा नसून चौकोनी ठोकळ्यासारखा, नळ्या एकमेकींशी काटकोनात पक्क्या बसवलेल्या, आणि बाजूला आकडे कोरलेला जाड ड्रम? मग तो कॉन्स्टंट डेव्हिएशन. लोलक पेलाँ-ब्रोका पद्धतीचा (१८९९). ड्रम फिरवला की लोलक फिरतो आणि तरंगलांबी थेट ड्रमवर वाचता येते. लंडनच्या अ‍ॅडम हिल्गर कंपनीचे हे उपकरण भारतातल्या अनेक जुन्या विभागांत आहे आणि बरेच अजून चालू स्थितीत आहेत.

लोलकांची चार-सहांची माळच दिसली, तर ते खगोलाचं किंवा सूर्याच्या अभ्यासाचं उपकरण असण्याची शक्यता मोठी. प्रत्येक जादा लोलक रंग आणखी पसरवतो आणि रेषा एकमेकींपासून सुटतात. लंडनच्या जॉन ब्राउनिंगने अशा माळेतले सगळे लोलक एकाच स्क्रूने आपोआप योग्य कोनात यावेत अशी रचना केली होती.

ग्रेटिंगवाली उपकरणं ओळखायला सोपी: लोलकाच्या जागी चौकटीतली काच किंवा आरशासारखा धातूचा तुकडा, तिरका धरला की इंद्रधनुष्य सांडणारा. धातूचा असेल तर जास्त सावध राहा. बाल्टिमोरला हेन्री रोलंडने १८८० च्या दशकात स्वतःच्या यंत्रावर आरशाच्या धातूवर इतक्या अचूक रेषा कोरल्या, की जगभरच्या प्रयोगशाळा त्या मागवू लागल्या. त्याच्या पहिल्या यंत्राची घनता होती इंचाला १४,४३८ रेषा. हा आकडा चौकटीवर दिसला तर तुमची पेटी साधी नाही.

तिसरं काम: नावं आणि पत्ते वाचणं

बाजूने टॉर्च तिरका मारा, म्हणजे पुसट झालेलं कोरीव काम उठून दिसेल. मग जे दिसेल ते जसंच्या तसं उतरवा, स्पेलिंगच्या चुकांसकट.

पत्ता हा तारखेचा सर्वांत चांगला साक्षीदार. ब्राउनिंगचं दुकान आधी लंडनच्या मिनरीज भागात होतं, नंतर ६३, स्ट्रँड इथे गेलं. दोनपैकी कुठला पत्ता कोरलाय त्यावरून १८६० चं दशक की त्यानंतरचा काळ ते ठरवता येतं. 'हिल्गर अँड वॉट्स' असं जोडनाव असेल तर उपकरण १९४८ च्या आधीचं असू शकत नाही, कारण दोन कंपन्या तेव्हा एक झाल्या. जर्मन उपकरणावर 'डी.आर.पी.' ही पेटंटची अक्षरं असतील तर ते १८७७ नंतरचं, आणि 'डी.आर.जी.एम.' (छोट्या सुधारणांच्या नोंदणीची खूण) असेल तर १८९१ नंतरचं.

इथे नवखा माणूस हमखास फसतो. कोरलेलं नाव बनवणाऱ्याचंच असेल असं नाही. केम्निट्झचा माक्स कोल, लंडनचा ग्रिफिन, बर्मिंगहॅमचा फिलिप हॅरिस हे शाळा-कॉलेजांना सामान पुरवणारे मोठे व्यापारीही होते आणि दुसऱ्याच्या मालावर त्यांचं नाव येत असे. म्हणून नोंदीत 'निर्माता' असं न लिहिता 'उपकरणावर कोरलेलं नाव' असं लिहा. निर्माता नंतर ठरवता येतो. आणि अंबाल्याचं नाव दिसलं म्हणून नाक मुरडू नका. आपल्याकडच्या कित्येक पिढ्या अंबाल्यात बनलेल्या स्पेक्ट्रोमीटरवरच शिकल्या. परदेशी उपकरणांच्या नोंदी त्या-त्या देशांत झाल्या आहेत. अंबाल्याच्या कारागिरांचं काम आपण नाही नोंदवलं तर दुसरं कोण नोंदवणार?

चौथं काम: धोक्याच्या वस्तू बाजूला

पोकळ काचेच्या लोलकात पिवळसर द्रव असेल आणि झाकण मेणाने बंद केलेलं असेल, तर तो कार्बन डायसल्फाइड असू शकतो. अतिशय ज्वालाग्राही आणि विषारी. उघडू नका, हलवू नका, रसायनशास्त्राच्या अनुभवी माणसाला बोलवा.

पांढुरक्या तंतूंची दोरी, जाळी किंवा वात दिसली तर ती अ‍ॅस्बेस्टॉस समजा. पूर्वी मिठाच्या पाण्यात भिजवलेली अ‍ॅस्बेस्टॉसची पट्टी बर्नरभोवती गुंडाळून सोडियमचा प्रकाश मिळवत. झाडू-ब्रश न लावता ती जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून वर ठळक लिहा.

ज्वाला-परीक्षेच्या क्षारांच्या छोट्या बाटल्यांचा संच बरोबर असेल तर त्यात थॅलियमची बाटली असू शकते. हे मूलद्रव्य विल्यम क्रुक्सने १८६१ मध्ये स्पेक्ट्रोस्कोपमधल्या एका हिरव्या रेषेवरून शोधलं, म्हणून संचात त्याला मानाची जागा असे. पण त्याचे क्षार जहाल विष आहेत. बाटलीचा फोटो आणि लेबल संग्रहात ठेवा, आतला पदार्थ नियमाप्रमाणे विल्हेवाटीला द्या. वायू भरलेल्या नळ्या आणि इंडक्शन कॉइल सापडली तर ती विजेला जोडून बघायचा उत्साह नको.

पाचवं काम: न चकाकवणं

हे मी सगळ्यात कळकळीने सांगतो. पितळ काळवंडलेलं दिसलं की आपल्या घरात पितांबरी निघते, नाहीतर चिंच, नाहीतर लिंबू-मीठ. समईला ते ठीक. या उपकरणाला नाही. जुन्या उपकरणांचं पितळ उघडं नसतं. त्यावर लाखेचा पातळ सोनेरी थर गरम करून चढवलेला असतो. पावडरीने घासलं की तो थर जातो, कोरलेल्या आकड्यांतला काळा रंग जातो, व्हर्नियरच्या बारीक रेषा बोथट होतात. उपकरण दोन आठवडे झळकतं आणि नंतर आधीपेक्षा वेगाने काळं पडतं. शिवाय कुठला स्क्रू जास्त वापरला गेला, दुर्बिणीला हात कुठे लागत असे, हे त्या झिजलेल्या लाखेवरच लिहिलेलं असतं. संग्रहालयातला जाणकार आधी तेच वाचतो.

तुम्ही करायचं ते एवढंच: मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि ती हलक्या व्हॅक्यूमच्या तोंडाशी गोळा करा. सुती हातमोजे काचेवर घसरतात, म्हणून पातळ नायट्राइलचे घाला. अडकलेला स्क्रू जोर लावून फिरवू नका, तेल सोडू नका.

काचेसाठी वेगळा विचार लागतो. फ्लिंट काच मऊ असते आणि घामाच्या बोटांनी तिच्यावर डाग पडतात. डायरेक्ट-व्हिजनचे लोलक बाल्सम नावाच्या पारदर्शक डिंकाने चिकटवलेले असतात, त्यामुळे स्पिरिट लावलं तर ते विरघळू शकतं. आणि एखादा लोलक काठांवर झिजलेला, धुरकट, साखरेच्या खड्यासारखा दिसला तर तो काचेचा नसून सैंधवाचा, म्हणजे खनिज मिठाचा असू शकतो. उष्णतेचे अदृश्य किरण काचेतून नीट जात नाहीत, मिठातून जातात. म्हणून अवरक्त वर्णपटासाठी मिठाचे लोलक वापरत. ओल्या फडक्याने पुसलात तर तो डोळ्यांदेखत विरघळायला लागेल. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात तर नुसत्या हवेनेही त्याची वाट लागते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि जेलचे दाणे रंग बदलले की ते तापवून परत वापरायचे. भिंगांवरची बुरशीही याच ओलाव्याची देणगी. पेटी जमिनीलगतच्या फळीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका.

सहावं काम: एकदा प्रकाश दाखवणं

सगळे भाग शाबूत असतील आणि काही जबरदस्ती करावी लागत नसेल, तर उपकरणातून एकदा जरूर बघा. सूर्याकडे मात्र थेट रोखू नका. डोळा कायमचा जाऊ शकतो. उन्हातल्या पांढऱ्या कागदाकडे किंवा उजळ आकाशाकडे फट धरा, फट अरुंद करत जा. एका क्षणी रंगांच्या पट्ट्यात उभ्या काळ्या रेषा उगवतात. फ्राउनहोफरने पाहिल्या त्याच. हा क्षण चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

मग परीक्षा घ्या. जुनी सीएफएल लावली तर पाऱ्याच्या रेषा मिळतील: हिरवी ५४६.१ नॅनोमीटर, पिवळ्या दोन ५७७.० आणि ५७९.१ वर. आताच्या एलईडीचा उपयोग नाही, तिचा पट्टा सलग असतो. सोडियमसाठी गॅसच्या ज्योतीत मिठाचा खडा. स्वयंपाकघरात वरणाचं पाणी उतू गेल्यावर ज्योत पिवळी होते ती याचमुळे. डी रेषेचे दोन भाग, ५८९.० आणि ५८९.६, वेगळे दिसतात का ते वहीत लिहा. ग्रेटिंग असेल तर रेषांची घनता पडताळता येते: इंचाला १५,००० रेषा असतील तर दोन रेषांतलं अंतर १.६९३ मायक्रोमीटर आणि सोडियमची पहिली प्रतिमा मधल्या प्रतिमेपासून २०.४ अंशांवर यायला हवी. उत्तर १९.६ अंश आलं तर घनता १४,४३८ च्या आसपास आहे, आणि मग वर सांगितलेलं रोलंडचं नाव आठवा.

सातवं काम: कहाणी लिहिणं, पण खरी

इथे थोडं थांबतो, कारण संग्रहात वस्तूइतकीच तिची कहाणी मोलाची आणि चुकीची कहाणी पितांबरीहून घातक.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि तिथूनच १८६८ च्या ग्रहणात इंग्लिश खगोलज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी हेलियम शोधला असं सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं. फ्रेंच खगोलज्ञ पिएर जान्सेन गुंटूरला होता. दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही सूर्याच्या ज्वाळांच्या रेषा पाहता येतात हे त्याने तिथे दाखवलं. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल स्पेक्ट्रोस्कोप घेऊन बसला होता. लॉकयर मात्र तेव्हा इंग्लंडमध्ये होता. ब्राउनिंगने बनवलेला सात लोलकांचा स्पेक्ट्रोस्कोप त्याच्या हाती ऑक्टोबरमध्ये पडला, आणि २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने तिथूनच ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. त्यातली पिवळी रेषा ५८७.६ नॅनोमीटरची, म्हणजे सोडियमच्या जोडीला चिकटून पण तिच्यावर नाही. तिच्यावरून नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झीला.

मग विजयदुर्गाचं काय? लॉकयर तिथे आला होता, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्या दिवशी ग्रहणाची पट्टी महाराष्ट्रावरून गेली. वऱ्हाडातल्या तळणीला ब्रिटिश खगोलप्रेमींचा चमू होता, त्यात जॉन एव्हरशेड. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल, आणि त्याच जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले कावसजी दादाभाई नायगमवाला. ही खरी गोष्ट मला खोट्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी वाटते. नायगमवालांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती. तिथली २० इंची ग्रब दुर्बीण तेव्हा भारतात सर्वांत मोठी होती आणि वर्णपट हाच त्यांच्या कामाचा गाभा होता. ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालच्या वेधशाळेला गेली. तिथे एव्हरशेड आधीपासून काम करत होता.

म्हणून तुमच्या नोंदीत तीन रकाने ठेवा: 'वस्तूवर दिसतं', 'कागदावर सापडलं', 'लोक सांगतात'. तिसऱ्यातलं पहिल्या दोनांत ढकलू नका, आणि फेकूनही देऊ नका. 'हे नायगमवालांच्या वेळचं' असं कुणी म्हणालं तर तिसऱ्या रकान्यात सांगणाऱ्याच्या कामाच्या वर्षांसह लिहा. मग डेडस्टॉक रजिस्टर, जुनी बिलं, कॉलेजचे वार्षिक अहवाल, परीक्षेच्या प्रयोगांच्या याद्या उलगडा. निवृत्त प्रयोगशाळा सहायकांना भेटा. हा लोलक कुठल्या साली फुटला आणि बदलला, हा स्क्रू स्थानिक लेथवर कुणी बनवला, हे त्यांनाच माहीत असतं आणि ते कुठेही लिहिलेलं नसतं. दुरुस्ती म्हणजे वस्तूचा दोष समजू नका. परदेशी सुटा भाग मिळत नसताना इथल्या कारागिराने काय केलं त्याचा तो पुरावा आहे.

बाकी नोंद साधी: लांबी-रुंदी-उंची, साहित्य, लोलकांची संख्या, तबकडीचा व्यास, व्हर्नियरचं लघुतम माप, नसलेले भाग, सध्याची स्थिती, फोटोंचे क्रमांक, तारीख, तुमचं नाव.

आठवं काम: तिची जागा ठरवणं

म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये फ्राउनहोफरचं उपकरण आहे, लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये लॉकयरचा सात लोलकांचा स्पेक्ट्रोस्कोप. तुमची पेटी त्यांच्या रांगेतली बहुधा नाही. पण संग्रहांचा दुसराही एक प्रकार आहे. हार्वर्डचा ऐतिहासिक उपकरणांचा संग्रह मोठ्या प्रमाणात त्या विद्यापीठाने स्वतःच वापरलेल्या, शिकवण्याच्या उपकरणांचा आहे. केंब्रिजचं व्हिपल म्युझियम १९४४ मध्ये एका उपकरण-व्यावसायिकाने विद्यापीठाला दिलेल्या संग्रहातून सुरू झालं. तिथे साधा कॉलेजी स्पेक्ट्रोस्कोपही मानाने उभा असतो, कारण विज्ञान शिकलं कसं जात होतं ते त्यावरून कळतं. आपल्या कॉलेजांच्या कपाटांत नेमकं हेच पडून आहे.

शक्य असेल तर वस्तू जिथे वापरली गेली तिथेच ठेवा: विभागाच्या व्हरांड्यात, कुलूप असलेल्या काचेच्या कपाटात, थेट ऊन लागणार नाही अशा जागी. आत हॅलोजनचा दिवा नको. लोलक बसवून ठेवा, कारण लोलकाशिवाय बघणाऱ्याला काही उमगत नाही. पण तो खालून पक्का करा, चोरी आधी लोलकाचीच होते. शेजारी एक खिशातला डायरेक्ट-व्हिजन किंवा शंभर-दोनशे रुपयांची प्लास्टिकची ग्रेटिंग दोरीला बांधून ठेवा, म्हणजे मुलांना स्वतः बघता येईल आणि जुन्याला हात लागणार नाही. विभागाला जागाच नसेल तर विद्यापीठाच्या संग्रहालयाला किंवा विज्ञान केंद्राला विचारा, मात्र देताना पेटी, सुटे भाग आणि नोंद एकत्र द्या आणि लेखी पोच घ्या.

निर्लेखन समितीपुढे मुद्दा आला, तर 'जुनं आहे म्हणून ठेवा' एवढ्यावर कुणी ऐकत नाही. वहीतलं पान पुढे करा: कोरलेलं नाव, खरेदीचं वर्ष, कुठल्या प्रयोगाला किती वर्षं वापरलं, काय शाबूत आहे. रजिस्टरात 'निर्लेखित' ऐवजी 'वारसा संग्रहात वर्ग' असा शेरा सुचवा. वस्तू हिशेबातून सुटते आणि इमारतीत राहते.

शेवटी त्या नोंदीची एक प्रत चांगल्या कागदावर, पेन्सिलीने लिहून, पाकिटात घालून पेटीच्या झाकणाच्या आत ठेवा. चिकटवू नका, नुसती ठेवा. दुसरी प्रत विभागप्रमुखांच्या कपाटात आणि फोटो किमान दोन ठिकाणी. मग झाकण लावा, आणि किल्ली कुठे आहे ते आणखी दोघांना सांगून ठेवा.